स्थानिक कारभारावर लक्ष ठेवताय? या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

आमचं पहिलं पत्र आम्ही ऑफिसला मोठ्या झोकात दिलं होतं. रस्त्यावरचे एकेचाळीस दिवे बंद आहेत, ताबडतोब चालू करा, खाली साठेक सह्या. पंधरा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, प्रत्यक्ष पाहणी केली असता दिवे सुरू असल्याचे आढळले. आता यावर बोलणार काय, कोणता खांब, कोणती रात्र, किती वाजता, यातलं काहीच आम्ही लिहिलं नव्हतं. खांबांवर नंबर रंगवलेले असतात हेसुद्धा त्यानंतरच आमच्या लक्षात आलं. पाहणीवाला भर दुपारी बाराला जाऊन आला असता तरी आम्हाला काही सिद्ध करता आलं नसतं.

त्यातून कळलं ते इतकंच की हे काम म्हणजे कागद आणि जागा शेजारी-शेजारी ठेवून फरक काढायचा. कागदावर काय लिहिलंय आणि जागेवर काय आहे. दोन्हीतलं एक जरी हातात नसेल तर आपण नुसती चिडलेली माणसं, आणि चिडलेल्या माणसांची ऑफिसला सवय असते.

कागद न घेताच मैदानात उतरणं

रस्ता खराब आहे हे सगळ्यांना दिसतंच. पण तो कितीचा होता, किती जाडीचा ठरला होता, बिल कधी निघालं हे माहीत नसेल तर समोरचा म्हणतो पावसाने खराब झाला, आणि विषय संपला. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटन या मजूर-शेतकऱ्यांच्या संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा गावात पहिली जनसुनवाई, म्हणजे गावासमोर उघड सुनावणी, घेतली तेव्हा ताकद भाषणांची नव्हती, हजेरीपटाची होती. सरकारी कागदावरची नावं गावासमोर मोठ्याने वाचायची, ज्याचं नाव आलं त्यानेच सांगायचं मी कामावर होतो की नव्हतो, बस. पुढे देशभरासाठी माहिती अधिकाराचा कायदा यायला २००५ उजाडलं, म्हणजे कागद हातात पडणं हीच केवढी मोठी लढाई होती बघा.

आणि मागतानासुद्धा लोक चुकतात. "या रस्त्याबद्दलची सर्व माहिती द्यावी" असा अर्ज केला की एकतर गठ्ठा येतो नाहीतर नकार. "काम निकृष्ट का झालं" असं विचारलं तर उत्तरच नाही, कारण "का" हा काही फायलीत लावलेला कागद नसतो. कागदाचं नाव घेऊन मागा, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश (काम सुरू करा असं ठेकेदाराला दिलेलं पत्र), मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापं लिहायची सरकारी वही) पानं, अंतिम बिल. चार कागद पुरतात, त्यातही एकच मिळणार असेल तर मी मोजमाप पुस्तक घेईन कारण पैसे त्याच्यावर निघतात.

मोजमाप कसंतरी करणं

इथे जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त मेहनत इथेच वाया जाते. कागदावर रस्त्याचे तीन आकडे असतात, लांबी रुंदी जाडी. पहिले दोन टेप लावून कोणीही काढेल, खेळ असतो जाडीत. आणि आपण काय करतो, जिथे कडा तुटलीय तिथे जाऊन पट्टी लावतो, फोटो काढतो, बघा निम्मीच जाडी. मग इंजिनीअर येतो आणि सगळ्यात चांगल्या जागी पट्टी लावतो, झाली बरोबरी. कड बऱ्याचदा मधल्यापेक्षा पातळच असते, त्यामुळे नुसता कडेचा आकडा टिकत नाही. जागा आधीच ठरवून टाका, दर पन्नास मीटरवर एक, एकदा डावीकडे एकदा मध्ये एकदा उजवीकडे, आणि जो आकडा येईल तो लिहा, चांगला आला तरी लिहा. आपल्या यादीत चारदोन चांगले आकडे असले की बाकीचे वाईट आकडे जास्त खरे वाटतात, हे मी अनुभवाने सांगतो.

मधली जाडी बघायला स्वतः रस्ता खणायला जाऊ नका, उलट तुमच्यावरच तक्रार होईल, त्यासाठी सर्वांसमोर नमुना काढून तपासा अशी लेखी मागणी करायची.

फोटोत टेपचा आकडा वाचता आला पाहिजे आणि मागे एखादी न हलणारी गोष्ट दिसली पाहिजे, खांब, गेट, पाटी, नाहीतर तो फोटो जगातल्या कुठल्याही खड्ड्याचा असू शकतो. अजून एक, व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की आत साठवलेली वेळ आणि लोकेशन निघून जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मूळ फोटो ज्याच्या फोनमध्ये आहे त्याला बजावून ठेवा की डिलीट करायचा नाही. आमच्याकडे एकाने जागा कमी पडली म्हणून सगळे उडवले होते, चांगला माणूस, काय बोलणार.

एकाच नळाला चिंधी बांधणं

इंडोनेशियात २००३-०४ च्या सुमारास ६०० हून जास्त गावांतल्या रस्त्यांवर एक मोठा प्रयोग झाला होता, बेंजामिन ओल्केन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचा. रस्ते खोदून नमुने घेतले, माल आणि मजुरी खरी किती लागली असेल ते काढलं आणि दाखवलेल्या खर्चाशी ताडून पाहिलं. काही गावांना आधीच सांगितलं होतं की तुमचं ऑडिट होणार म्हणजे होणारच, तिथे गायब खर्च, म्हणजे दाखवलेला पण प्रत्यक्षात न लागलेला, साधारण ८ टक्के पॉइंटने कमी झाला. काही गावांत लोकांना हिशोबाच्या मीटिंगला मुद्दाम बोलावलं, तिथे एकूणात फारसा फरक पडला नाही. गंमत म्हणजे मजुरीतली गळती कमी झाली, कारण मजुरी गावातल्याच माणसांच्या खिशात जायची, पण मालातली तशीच राहिली, खडी किती आली हे मीटिंगमध्ये बसून कोणाला कळणार?

त्यामुळे ज्याचा आपल्याला थेट फटका बसतो तेवढंच बघू नका. खडीचे ट्रक, सिमेंटच्या गोण्या मोजायला काम चालू असतानाच माणूस लागतो, नंतर सगळं डांबराखाली जातं. आणि लोकांच्या डोळ्यांनी सगळं पकडता येतं हा गैरसमज पण सोडा, अधिकृत ऑडिटची मागणी लावून धरा आणि आपली नोंद त्याला जोडा.

त्याच प्रयोगात अजून एक गोष्ट दिसली. निनावी अभिप्राय फॉर्म शाळेतल्या मुलांमार्फत घरोघरी पोचवले तिथे उपयोग झाला, गावातल्या पदाधिकाऱ्यांमार्फत वाटले तिथे नाही. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच हातात निमंत्रणाची यादी दिली तर कोण येणार ते उघड आहे. तरी सगळीकडे हेच चालतं.

बोर्ड लावला, पोस्ट टाकली, आता होईल काहीतरी

युगांडाचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं. १९९१ ते ९५ मध्ये प्राथमिक शाळांसाठी सरकारने सोडलेल्या अनुदानातलं सरासरी फक्त १३ टक्के शाळांपर्यंत पोचत होतं. मग किती रक्कम सोडली ते पेपरात छापायला सुरुवात झाली, शाळेच्या भिंतीवर लावलं गेलं, आणि २००१ पर्यंत पोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला. हे ऐकून लोकांना वाटतं आकडा छापला की काम झालं. पण तिथे त्याच काळात पैसे देण्याची पद्धत, सरकारी देखरेख हेही बदलत होतं, सगळं श्रेय पेपरला देता येत नाही. शिवाय छापलेल्या आकड्याचं काय करायचं हे मुख्याध्यापकाला माहीत होतं, त्याने फक्त आपली आलेली रक्कम शेजारी ठेवून बघायची. तुमच्या पोस्टमध्ये वाचणाऱ्याने नेमकं काय ताडून बघायचंय ते नसेल तर ती नुसती लाइक करायची गोष्ट होते.

छोट्या चुका, पण महागात जातात

तक्रारींची संख्या म्हणजे परिस्थिती नव्हे. ज्या भागात लोकांना वेळ आणि नेट आहे तिथून जास्त तक्रारी येतात, सगळ्यात वाईट हाल असलेला भाग नकाशावर शांत दिसतो. बंगळुरूत पब्लिक अफेअर्स सेंटर या संस्थेने १९९४, १९९९ आणि २००३ ला नागरिकांचं रिपोर्ट कार्ड, म्हणजे सरकारी सेवांना लोकांनी दिलेलं प्रगतिपुस्तक, केलं तेव्हा तक्रार यायची वाट न बघता सर्व्हे केला, आणि परत परत केला, म्हणून तर कोणता विभाग सुधारला ते सांगता आलं. एकदाच केलेला सर्व्हे फोटोसारखा असतो, पुढे काय झालं ते त्यात नसतं.

प्रत्येक वेळी भांडायलाच जायचं असंही नाही. फिलिपिन्समध्ये शाळेची पुस्तकं खरंच पोचतात का ते मोजायला स्काउटची मुलंसुद्धा उभी राहिली होती, ते जमलं कारण शिक्षण खात्याने डिलिव्हरीच्या तारखा आधीच दिल्या होत्या. तारीख माहीत नसती तर मोजणार काय, कपाळ?

लाभार्थ्यांची यादी तपासताना लोकांची नावं, मोबाइल नंबर ग्रुपवर टाकू नका, चूक ऑफिसची आणि त्रास यादीतल्या माणसाला. आणि ठेकेदाराच्या साइटवर एकट्याने जायचं नाही, कधीच.

अडलं तर

उत्तरच येत नाही: पोच घेतली होती का ते आधी बघा. आवक क्रमांक आणि शिक्का नसेल तर ते पत्र दिलंच नाही असं समजा, पुन्हा द्या.

"आमच्या अखत्यारीत नाही": ठीक आहे, मग कोणाच्या आहे ते लेखी द्या म्हणायचं. ते पत्र पुढच्या ऑफिसच्या अर्जाला जोडायचं, नाहीतर टोलवाटोलवी वर्षभर चालते.

"निधी नाही": बजेटचं ते पान काढा, तरतूद किती आणि खर्च किती. बऱ्याचदा निधी असतो, वळवलेला असतो.

"काम पूर्ण झालेलं आहे": संयुक्त पाहणी मागा, तारीख ठरवून, आणि पाहणीचा अहवाल जागेवरच लिहून दोघांच्या सह्या. ऑफिसात जाऊन लिहितो म्हणाले तर गोड बोलून थांबवा.

ग्रुप थंडावला: चाळीस विषय घेतले असतील. एक ठेवा.

आमच्या दिव्यांचं म्हणाल तर दुसऱ्या पत्रात खांब नंबर टाकले, तीन रात्री आठ आणि अकराला फिरून नोंद केली, आणि बरेचसे दिवे लागले. फक्त त्या फिरण्यात एक वेगळंच निघालं, ऑफिसच्या यादीतले दोन खांब आम्हाला जागेवर सापडेचनात. त्या खांबांच्या कामाच्या मोजमाप पुस्तकाची प्रत मागितलीय, अजून आलेली नाही.