आधी पाणी बघा, मग संवाद

फॉलआउट ३ (२००८) आणि फॉलआउट: न्यू वेगास (२०१०) या अणुयुद्धानंतरच्या जगातल्या दोन व्हिडिओ गेम्सची तुलना करायची तर मुख्य कथा बाजूला ठेवा आणि पहिल्या गावात तासभर नुसतं हिंडा. लोक काय पितात, काय खातात? फॉलआउट ३ च्या मेगाटन गावात वॉल्टर नावाचा रहिवासी गळके पाइप दुरुस्त करायला सांगतो, ते मला फार आवडलं. पण शेत कुठे दिसत नाही. न्यू वेगासच्या गुडस्प्रिंग्ज गावात पाण्याची जागा, भाजीचे वाफे, बिगहॉर्नर (पाळीव मेंढ्यांसारखे प्राणी) सगळं आहे.

मग संवाद तपासा. फॉलआउट ३ मध्ये समोरच्याला पटवण्याची शक्यता टक्क्यांत दिसते. फसलं की मी आधी सेव्ह केलेला खेळ पुन्हा उघडायचे. न्यू वेगासमध्ये गुडस्प्रिंग्जच्या ईझी पीट या म्हाताऱ्याकडून डायनामाइट मिळवायला स्फोटकांचं कौशल्य २५ लागतं. म्हणजे आपण घडवलेलं पात्रच तिथे बोलतं. माझ्या मते लेखनात न्यू वेगासने बाजी इथेच मारली. फॉलआउट ३ च्या उद्ध्वस्त वॉशिंग्टनमध्ये वाट चुकण्याची मजा मात्र न्यू वेगासच्या मोहावी वाळवंटात नाही.