‘त्येंपो’ शिकताना या चुका टाळा

स्पॅनिशच्या प्रत्येक नव्या तुकडीत एक शब्द मला पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो: त्येंपो. यादीत त्याच्यासमोर ‘टाइम’ लिहिलेलं असतं, ते पाठ केलं की शब्द आला असं सगळ्यांना वाटतं.

माझी एक विद्यार्थिनी स्पेनमधल्या सालामांकाला शिकायला गेली होती. बसस्थानकावर तिनं एका आजोबांना विचारलं, ‘के त्येंपो आथे?’ आजोबांनी आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘मूचो कालोर’, फार उकडतंय. आपला उच्चार चुकला असं वाटून तिनं पुन्हा सावकाश विचारलं. त्यांनीही तेच सावकाश सांगितलं. तेवढ्यात तिची माद्रिदची बस सुटली. तिचा उच्चार चांगला होता, व्याकरणही बरोबर होतं. पण त्या वाक्याचा अर्थ ‘हवा कशी आहे?’ असा होतो. किती वाजले ते विचारायला ‘के ओरा एस?’ म्हणतात.

मला हळहळ वाटते ती यासाठी की मराठी माणसाला ही चूक करायचं कारणच नाही. ‘माझा वेळ गेला’ यातला तो वेळ म्हणजे त्येंपो. ‘गाडीची वेळ झाली’ यातली ती वेळ म्हणजे ओरा. आणि ‘तीन वेळा’ म्हणजे त्रेस बेथेस (मेक्सिकोत ‘बेसेस’ ऐकू येईल). तिथे ‘त्रेस त्येंपोस’ चालत नाही. ‘दोस त्येंपोस’ म्हणतात ते टू-स्ट्रोक इंजिनाला. हा भेद आपल्या तोंडात लहानपणापासून आहे. मधे इंग्रजी आणली की तो पुसला जातो.

मजा आली हे सांगायला ‘ब्वेन त्येंपो’ वापरू नका, त्याचा अर्थ हवा छान होती असा होईल. ‘लो पासामोस ब्येन’ म्हणा.

बाळाबद्दल कुणी ‘के त्येंपो त्येने?’ विचारलं तर ते किती महिन्यांचं झालं ते सांगा.

‘टिएंपो’ म्हणू नका. आपला दंत्य ‘त’ तिथे अगदी चपखल बसतो.

दिवसाला 30 शब्द पाठ करणाऱ्यांचा मला राग येतो, कारण महिन्याभरानं त्यांच्याकडे यादी असते, बोलणं नसतं. मी वहीत शब्दासमोर अर्थ लिहीतच नाही. एक स्पॅनिश वाक्य आणि खाली घरात बोलतो तसं मराठी वाक्य, एवढंच. त्येंपोला माझ्या वहीत दोन पानं लागली आहेत.