तोक्योत पहिला महिना: आधी पत्ता, मग बाकी सगळं

मिक्सर आणू नका. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या बहुतेक बॅगांत तो असतोच, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. जपानमधल्या घरात वीज 100 व्होल्टची, आपला मिक्सर 230चा. लावलात तर कुंथत फिरेल, खोबरं घातलं की अडकेल आणि तापेल. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण 750 वॉटच्या मिक्सरला तो 1500 वॉटचा तरी घ्यावा लागतो, कारण सुरू होताना मोटर जास्त ओढते. शिवाय इथल्या साध्या सॉकेटची मर्यादाच 15 अँपिअर. मायक्रोवेव्ह चालू असताना चटणी वाटायला घेतली की ब्रेकर पडलाच. इथलाच मिक्सर घ्या. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर 100 ते 240वर चालतात, त्यांना फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, तेव्हा बुडाला लोहचुंबक चिकटतो का बघूनच पॅक करा.

विजेची आणखी एक गंमत आहे. 1890च्या दशकात तोक्योने जनित्रं जर्मनीहून आणली आणि ओसाकाने अमेरिकेहून. त्यामुळे एकाच देशात पूर्वेला 50 हर्ट्झ आणि पश्चिमेला 60 हर्ट्झ असा भेद आजही कायम आहे. फुजी नदी आणि इतोइगावा ही साधारण सरहद्द. 2011च्या भूकंपानंतर तोक्योला विजेची टंचाई झाली, तेव्हा पश्चिमेकडे वीज असूनही याच कारणाने पुरेशी इकडे आणता आली नाही. तुमच्यापुरता मुद्दा एवढाच: सेकंडहँड मायक्रोवेव्ह किंवा वॉशिंग मशीन घेताना मागच्या पट्टीवर 50/60 दोन्ही लिहिलंय ना, ते बघा.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक महिन्याची, बाकीची दोन महिन्यांची आणता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर निघण्याआधी परवानगी काढावी लागते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता, आंबे वगैरे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय विमानतळावरच काढून घेतात. सुकटीला हे लागू नाही, पण मटणाचं लोणचं असलं काही बॅगेत असेल तर तेही काढून घेतात.

आता कागदपत्रं. इथे सगळी साखळी पत्त्यापासून सुरू होते. नारिता किंवा हानेदाला उतरलात की झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, हातात पडतं, पण त्याच्या पत्त्याच्या रकान्यात काही नसतं. घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांच्या आत कुयाकुशोत, म्हणजे प्रभागाच्या कचेरीत जाऊन तो लिहून घ्यायचा. सोबत कुटुंब असेल तर लग्नाचा आणि मुलांचा जन्माचा दाखला, दोन्हींचं जपानी भाषांतर, आणि त्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव असं न्या. हे भाषांतर विसरल्यामुळे बरेच जण दुसरी फेरी मारतात. तिथेच जूमिनह्यो, म्हणजे रहिवासी दाखला, दोन प्रती घेऊन ठेवा. कार्ड कायम खिशात हवं. जवळ नसेल तर कायद्याने 2 लाख येनपर्यंत दंड आहे.

बँकेला फोन नंबर हवा आणि फोनवाल्याला बँकेचं खातं. यातून वाट अशी: भारतीय क्रेडिट कार्ड चालणारं, बोलण्याची सोय असलेलं सिम आधी घ्या. नुसतं डेटाचं नको. मग नोकरीचा पुरावा घेऊन बँकेत जा. तो नसेल तर सहा महिने न झालेल्या परदेशी माणसाला बँक अनिवासी धरते आणि खातं अर्धवट सोयींचं मिळतं किंवा मिळतच नाही.

खरा घोळ नावात होतो. कार्डावर पासपोर्टप्रमाणे आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशी तिन्ही येतात. जपानी माणसाला दोनच असतात, त्यामुळे फॉर्मचे चौकोन संपतात. त्यात ते काताकाना लिपीत लिहायचं, जिच्यात ‘ल’ नाही, ‘ळ’ तर सोडाच. कुलकर्णी होतात ‘कुरुकारुनी’. काळे होतात ‘कारे’, आणि एकार जरा लांबवला की थेट आमटीभात, कारण जपानी करीचा उच्चार तोच. (ही करी इथे ब्रिटिशांमार्फत आली. अस्सल भारतीय पद्धतीची करी 1927मध्ये शिंजुकूच्या नाकामुराया दुकानात सुरू झाली, ती तिथे आश्रय घेतलेल्या क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे.) पहिल्याच दिवशी काताकानातलं एक रूप ठरवा, कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि बँक, फोन, विमा सगळीकडे तेच उतरवा. स्वर लांबवायची एक रेघ इकडची तिकडे झाली तरी पगार खात्यात जमा न होता परत जातो.

तारखांचंही तसंच. सरकारी फॉर्मवर वर्ष सम्राटाच्या शकात विचारतात. शालिवाहन शकात 78 मिळवायची सवय असलेल्याला हे जड जाऊ नये. रेइवा (चालू शक) अधिक 2018, हेइसेइ (त्याआधीचा) अधिक 1988, शोवा (त्याच्याही आधीचा) अधिक 1925, की इसवी सन. म्हणजे 2026 हे रेइवा 8. एका सम्राटाला एकच शक ही पद्धत मेइजी काळापासूनची. 1989मध्ये जन्मलेल्यांनी जपून लिहा: 7 जानेवारीपर्यंत शोवा 64, 8 तारखेपासून हेइसेइ 1.

घराच्या बाबतीत खाजगी मालकाकडे गेलात तर अनामत (शिकिकिन), मालकाला द्यायची, परत न मिळणारी भेट (रेइकिन), दलाली, हमी कंपनीची फी, आगीचा विमा आणि पहिलं भाडं मिळून चार-पाच महिन्यांचं भाडं हातातून जातं. यूआर या निमसरकारी संस्थेच्या इमारतींत रेइकिन नाही, दलाली नाही, जामीनदार नाही. दोन महिन्यांची अनामत आणि साधारणपणे भाड्याच्या चौपट मासिक पगार दाखवायचा. भारतीय मंडळी तोक्योच्या पूर्वेकडच्या निशी-कासाइत गोळा झाली त्याचं मोठं कारण हे, दुसरं म्हणजे मेट्रोची तोझाइ लाइन, जी थेट ओतेमाचीच्या ऑफिसांत नेते. त्याआधी आपले लोक असत ते योकोहामा आणि कोबेला. मुंबई–कोबे बोटी 1893मध्ये जमशेटजी टाटा आणि निप्पोन यूसेन ही जपानी जहाज कंपनी यांनी मिळून सुरू केल्या, त्या मुख्यतः कापसासाठी.

इमारत बघताना बांधकाम परवानगी 1 जून 1981 नंतरची आहे का, हे आवर्जून विचारा. भूकंपाचे कडक नियम त्या दिवसापासून लागू झाले. रिकाम्या घरात दिवे, पडदे, शेगडी यांतलं काहीच नसतं. शेगडी घेताना घरात शहरी गॅस आहे की सिलिंडरचा, हे पाहून त्याचीच घ्या. उलटसुलट जोडणं धोक्याचं आहे.

कंपनीने भारतातून पाठवलं असेल तर निघण्यापूर्वी भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयाकडून कव्हरेज प्रमाणपत्र आणा. 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू झालेल्या करारामुळे 5 वर्षांपर्यंत जपानी पेन्शन कापली जात नाही. इथेच नोकरी धरलेल्यांची कापली जाते. ते कायमचे परत गेले तर 2 वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागू शकतात, पण तत्पूर्वी कुयाकुशोत पत्ता रद्द केलेला हवा.

शाकाहारी लोकांनी ‘मांस नको’ एवढ्यावर थांबू नये. माशाचा अर्क, दाशी, जवळजवळ सगळ्या रश्शांत असतो आणि त्याला कुणी मांस म्हणत नाही. खात्रीचं म्हणजे देवळांतलं शोजिन जेवण, ज्यात दाशी समुद्री शेवाळ आणि शिताके अळिंब्यांची असते.

शेवटी गॅसचा मीटर, कारण पहिल्या मोठ्या धक्क्यानंतर हमखास फोन येतो की गॅस बंद पडला. तो बिघडलेला नसतो. जपानी मापावर साधारण 5च्या हादऱ्याला मीटर स्वतःच गॅस तोडतो. वास येत नाही ना बघा, सगळ्या शेगड्या आणि गीझर बंद करा. दाराजवळच्या कपाटात मीटर असतो, त्याच्या बटणावरचं टोपण काढा, बटण घट्ट दाबून सोडा. लाल दिवा लुकलुकू लागेल. तीन मिनिटं काही पेटवू नका, मीटर तोवर गळती तपासतो. दिवा विझला की चहा ठेवा.