निओव्हिममध्ये ‘इम्पोर्ट सापडत नाही’, व्हीएस कोडमध्ये मात्र सारे ठीक: माझा अनुभव

ठाण्यात वागळे इस्टेटमधील आमच्या कार्यालयात पायथनचा कोड लिहायला काही जण व्हीएस कोड हा एडिटर वापरतात, काही निओव्हिम. दोन्हीकडे लँग्वेज सर्व्हर (कोड तपासून एडिटरला चुका दाखवणारा प्रोग्रॅम) एकच, पायराइट. तरीही निओव्हिममध्ये फाइलच्या पहिल्याच ओळीत जँगो या पायथन फ्रेमवर्कच्या इम्पोर्टखाली लाल रेघ येत असे. पायराइट पुन्हा इन्स्टॉल केले, आवृत्त्या जुळवल्या, उपयोग झाला नाही. दोन संध्याकाळी यात गेल्या, याचा मनापासून त्रास झाला.

निओव्हिममध्ये ‘चेकहेल्थ व्हिम.एलएसपी’ ही तपासणीची आज्ञा दिल्यावर कारण दिसले. व्हीएस कोडमध्ये आम्ही थेट ‘बॅकएंड’ फोल्डर उघडून पायथनचा इंटरप्रिटर निवडत होतो; निओव्हिम मात्र गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या) खुणेवरून एक पायरी वरचा फोल्डर मूळ मानत होता आणि तिथे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पाच्या पायथन लायब्रऱ्यांचा वेगळा फोल्डर) नव्हतेच.

प्रथम प्रत्येकाने ‘बॅकएंड’मध्येच ‘.व्हेनव्ह’ याच नावाने एन्व्हायर्नमेंट तयार केले. मग त्याच फोल्डरमध्ये ‘पायराइटकॉन्फिग.जेसन’ ही फाइल ठेवून तिच्यात ‘व्हेनव्हपाथ’ला केवळ एक टिंब आणि ‘व्हेनव्ह’ला ‘.व्हेनव्ह’ अशी मूल्ये दिली. येथे चूक सहज होते: ‘व्हेनव्हपाथ’मध्ये एन्व्हायर्नमेंट ज्या फोल्डरात आहे त्याचा पत्ता लागतो, एन्व्हायर्नमेंटचा स्वतःचा नव्हे. त्यानंतर एडिटर न उघडता टर्मिनलवर ‘बॅकएंड’मध्ये जाऊन ‘पायराइट’ चालवले; इम्पोर्टची तक्रार नाहीशी झाल्यावरच निओव्हिम बंद करून पुन्हा उघडले आणि व्हीएस कोडमध्ये सर्व्हर रीस्टार्ट केला. ही फाइल गिटमध्ये कमिट केली, ‘.व्हेनव्ह’ मात्र गिटइग्नोरमध्येच, म्हणजे गिटने वगळायच्या यादीतच, ठेवले.