चांदोलीला जायचं तर आईच्या वाटेनं

कोल्हापुरातलं ओळखीचं कुणी चांदोलीला निघालं की मला फोन करतं, कारण माझी आई तिथली. झोळंबीच्या सड्याजवळ, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठाराजवळ, गवळी धनगरवाड्यात ती वाढली. 1985 ला तिथल्या जंगलाचं अभयारण्य झालं, 2004 ला राष्ट्रीय उद्यान, आणि एकेक वाडी उठून खाली उतरत गेली. दर जानेवारीत मी आईला वर नेतो. त्या फेऱ्यांत जे कळलं ते सांगतो.

पावसाळ्यात उद्यान बंद असतं. माझ्या मते डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले. पहाटे पाचला शिवाजी पूल ओलांडा. रत्नागिरी रस्त्यानं बांबवडे, तिथनं उजवीकडं कोकरूड, मग शेडगेवाडी, आरळा, मणदूर. पेट्रोल बांबवड्यात भरून घ्या. भाकरी, झुणका आणि पाणी घरचं न्या, आणि कागदाचा कपटाही आत टाकू नका. वनविभागाचा परवाना काढा, वाटाड्या मात्र त्याच भागातला घ्या. त्याला प्राण्यांइतकीच गावंही ठाऊक असतात.

आत गेल्यावर सगळे गवा शोधतात. तुम्ही आधी मोकळं गवत शोधा. दाट झाडीत मध्येच सपाट कुरण लागलं की समजा, इथं कुणीतरी नाचणी आणि वरी पिकवत होतं. माणसं गेली, शेतात गवत माजलं आणि गवे चरायला आले. कडेला आंबा-फणस दिसतील, नीट बघितलं तर जोत्याचे दगडही. वाटाड्या म्हणेल तिथंच उतरा आणि जोत्यावर चढू नका. आई तिथं चपला काढते. “हितं आमची चूल हुती,” एवढंच म्हणते आणि म्हशींची नावं घेते: चांदी, मोरी, कपिली.

धनगर म्हटलं की लोकांना मेंढरं आठवतात. इथल्या पावसात मेंढी तगत नाही, म्हणून इथल्या गवळी धनगरांनी म्हशी पाळल्या. घराच्या भिंती कारवीच्या, त्यावर शेणमातीचा गिलावा. तूप डोक्यावर घेऊन घाट उतरायचा आणि येताना मीठ-मिरची आणायची, असा आईच्या आईचा बाजार होता.

गवा दिसलाच तर गाडी थांबवा, बोलणं बंद करा. एकटा नर मान वर करून बघत राहिला तर पुढं सरकू नका. तो वळून जाईपर्यंत थांबा, अर्धा तास लागला तरी.

झोळंबीच्या सड्यावर वारं फार, कानाला काहीतरी बांधा. समोर वसंतसागर, म्हणजे वारणा धरणाचा जलाशय, पसरलेला दिसतो, 34.4 टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा). आपण कौतुकानं बघतो ते पाणी वारणेच्या खोऱ्यातल्या लोकांची शेतं बुडवून साठलंय, हे सोबतच्या पोरांना तिथंच सांगा. पश्चिमेला डोंगर एकदम तुटून कोकणात उतरतो. प्रचितगड किल्ला त्याच कड्यावर, पण त्याची वाट खाली कोकणातल्या शृंगारपुरातनं. इथनं एका दिवसात तो जमवायच्या फंदात पडू नका.

दिवस मावळायच्या आत बाहेर पडा. उद्यानाबाहेर एखाद्या धनगरवाड्यावर थांबलात तर अंगणाच्या कडेला उभं राहून हाक मारा आणि बोलावल्यावरच आत जा. फोटो विचारून काढा. ताक दिलं तर नको म्हणू नका. तूप घेतलंत तर सांगतील तो भाव द्या, आणि डबा आपला न्या.