स्वस्तातला प्लांटेड टँक : बेळगाव भागात या चुका टाळा

दीड फुटाचा टँक, एक एअर पंप, स्पंज फिल्टर, शंभर-दीडशे रुपयांचा एलईडी बल्ब, बादलीभर वाळू आणि तीन-चार जातींची झाडं. एवढ्यावर प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेला माशांचा टँक, झकास चालतो. पैसे कमी पडले म्हणून बिघडलेले टँक फारसे दिसत नाहीत. कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या पाण्यासाठी सांगितलेली कृती इथल्या पाण्यावर जशीच्या तशी केली, म्हणून बिघडलेले मात्र भरपूर. आपल्याकडे तर एका तालुक्याचा सल्ला शेजारच्या तालुक्यालाही लागू पडत नाही. खानापूर, कणकुंबीकडे लाल माती आणि मऊ पाणी. अथणी, रायबाग, चिकोडीकडे काळी माती आणि पातेल्याला पांढरा थर धरणारं बोअरचं पाणी. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकलचं नळाचं पाणी, शिवाय जुन्या घरांच्या परसात विहीर.

पाणी न बघता झाडं आणणं

साबणाला फेस येत नसेल, गिझरच्या कॉइलवर क्षार साचत असतील, तर पाणी जड आहे. अशा पाण्यात व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट लावा. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनसुद्धा कार्बन घेतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचा खर्च न करता फोफावतात. मासे गप्पी, मॉली, प्लॅटी. मऊ पाणी असेल तर क्रिप्टोकोरिन, रोटाला, जावा मॉस यांना संधी द्या. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती तर सह्याद्रीच्या ओढ्यांमधल्याच आहेत. लोक नेमकं उलट करतात. अथणीत बसून रोटालाच्या लाल गालिच्याची स्वप्नं बघतात आणि मग दुकानदाराला शिव्या घालतात.

जड पाण्याचा आणखी एक त्रास असा की त्याचा पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) बहुधा 8 च्या आसपास असतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. 25 अंश तापमानाला, पीएच 7 च्या तुलनेत पीएच 8 ला त्यातला विषारी भाग साधारण दहापट होतो. म्हणून बोअरच्या पाण्यात नवीन टँकमध्ये घाई केली की मासे पटापट जातात, आणि तीच घाई मऊ पाण्याच्या गावात कधी कधी खपून जाते.

"शुद्ध पाहिजे" म्हणून निव्वळ आरओचं पाणी भरू नका, त्यात क्षार जवळपास नसतातच. बोअरचं फारच जड असेल तर अर्धं-अर्धं मिसळा. आरओमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी टँकला वापरण्याची काटकसर तर नकोच. सगळे क्षार त्यातच जमलेले असतात.

क्लोरीनचं काय? नळाला रोज पाणी येत नाही अशा घरांत बॅरल भरून ठेवतातच. एक-दोन दिवस उघड्या बॅरलमध्ये राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. चोवीस तास पाणी येणाऱ्या भागात मात्र तोटी सोडून थेट टँक भरायचा मोह होतो. तिथे बादली एक-दोन दिवस उघडी ठेवा, नाहीतर दुकानातलं अँटी-क्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पाकिटावरच्या प्रमाणात घाला. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते, त्या आठवड्यात पाणी बदलू नका.

आणि तुरटी. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची घरची सवय टँकला लावू नका. तुरटीने पीएच खाली येतो, मऊ पाण्यात तर फारच. त्यात विरघळणारं ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना बाधतं. दुकानातून आणलेली झाडं वेगळ्या बादलीत दोन-तीन तास तुरटीच्या पाण्यात बुडवून गोगलगायी मारायच्या असतील तर खुशाल मारा. झाडं नीट खळबळून घ्या म्हणजे झालं.

माती आणि वाळू

ॲक्वासॉइल, म्हणजे टँकसाठी विकत मिळणारी तयार माती, महाग. तिच्याऐवजी खाली माती, वर वाळू हा जुना स्वस्त उपाय उत्तम आहे, पण कुठलीही माती चालत नाही. नर्सरीची कुंडीत भरायची माती आणू नका. त्यात शेणखत किंवा गांडूळखत असतं आणि पाण्यात गेल्यावर त्यातून अमोनियाचा लोंढा सुटतो. उसाच्या किंवा तंबाखूच्या शेतातली माती नको, खताचं आणि तणनाशकाचं काय काय त्यात असेल सांगता येत नाही. काळी माती तर नकोच नको. पाण्यात तिचा चिखल होतो आणि एक रोप उपटलं की दोन दिवस टँकमध्ये काही दिसत नाही.

खानापूर पट्ट्यातली, पडीक जागेवरची लाल माती घ्या. तिच्यात झाडांना लागणारं लोह भरपूर असतं. वरची गवत-मुळांची साल काढून टाका, चाळणीने चाळा, बादलीत पाणी घालून ढवळा, वर तरंगणारा काडीकचरा ओतून द्या. असं तीन-चारदा. मग सावलीत पसरून ठेवा. वापरण्याआधी काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी बऱ्यापैकी निवळलं असेल तर चालेल. दूधकाल्यासारखं गढूळच राहिलं तर त्यात चिकणमाती जास्त आहे, दुसरी शोधा.

टँकमध्ये माती एक इंच, फार नाही. वर एक-दीड इंच वाळू. थर जाड केला की खाली हवा पोचत नाही, माती काळी पडते आणि हात घातला की कुजक्या अंड्याचा वास येतो. तसं झालंच तर लाकडी काडीने हलकेच टोचून थोडेथोडे बुडबुडे सोडा, सगळं एकदम उकरू नका.

वाळू हल्ली बांधकामाच्या ढिगात नदीची क्वचितच मिळते, बहुतेक ठिकाणी क्रश सँड असते. ती चालते, फक्त तिच्यातली दगडाची भुकटी काढायला घमेल्यात घालून, हाताने घोळून, करडं पाणी ओतत राहावं लागतं. दहा-बारा पाणी तरी लागतं. कंटाळून सहाव्याला थांबलात तर ती भुकटी नंतर पानांवर बसते. गोवा किंवा वेंगुर्ल्याच्या सहलीतून पिशवीभर वाळू आणू नका, शिंपल्यांचा चुरा पाणी जड करतो. टाइल्सच्या दुकानातले पांढरेशुभ्र गोटे बऱ्याचदा संगमरवराचे असतात, त्यांचंही तेच. शंका आली तर दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसला तर बागेत ठेवा.

टँकवाल्याकडून टँक, काचवाल्याकडून टँक

काचवाल्याकडून टँक स्वस्तात पडतो, फक्त सिलिकॉन कुठलं ते विचारा. बाथरूमसाठीच्या बुरशीरोधक सिलिकॉनमधलं औषध माशांना विषारी असतं. साधं काचेचं सिलिकॉन हवं, आणि जोड आठवडाभर वाळू द्यावेत. 18 बाय 12 बाय 12 इंचाच्या टँकमध्ये 42 लिटर पाणी मावतं. वाळू-काच धरून वजन पन्नास-साठ किलोच्या घरात जातं, तेव्हा टीव्हीचा स्टँड चालणार नाही. खाली थर्माकोलची शीट घाला.

पाण्यातली नसलेली पाण्यातली झाडं

लकी बांबू, सिंगोनियम, ॲग्लोनेमा, ड्रॅसिना ही झाडं सर्रास "टँकची झाडं" म्हणून विकली जातात. महिन्या-दोन महिन्यांत कुजतात. उलट मनी प्लांटची फांदी टँकच्या कडेला अडकवून फक्त मुळं पाण्यात सोडा, नायट्रेट खाऊन पाणी चांगलं ठेवतो, फुकटात. अनुबियास आणि जावा फर्न वाळूत पुरू नका. आडवं जाड खोड गाडलं की कुजतं, त्यांना दोऱ्याने दगडाला बांधा. जांभ्याचा खडबडीत तुकडा याला छान. क्रिप्टोकोरिनची पानं लावल्यावर वितळली तर घाबरून उपटू नका. मुळं धरली असतील तर पाण्यातली नवी पानं येतात.

सकाळी टँक, संध्याकाळी मासे

सगळ्यात जास्त मासे याच्यामुळे मरतात. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजमध्ये वस्तीला यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर झाडं वाढू द्या, आणि जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून दोन-तीन दिवसांनी खाद्याची चिमूट टाका. ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याचा घाण स्पंज आपल्या टँकमध्ये पिळून घ्या, काम लवकर होतं. महागडा दिवा घेण्याऐवजी अमोनियाचं टेस्ट किट घ्या. पैसा घालायची हीच जागा. पहिल्या खेपेला चार-पाचच मासे, पुढे 42 लिटरला आठ-दहा छोटे पुरे. गोल्डफिश नको, झाडं खातो आणि टँकला मोठा होतो.

स्पंज नळाखाली धुतला तर जिवाणू गेले. पाणी बदलताना टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो पिळा. आठवड्याला चौथाई पाणी बदला, पूर्ण टँक रिकामा करून घासून "स्वच्छ" करण्याची दिवाळी-छाप मोहीम नको.

पाण्याचा रंग बदलला तर

पहिल्या आठवड्यात दुधाळ झालं : जिवाणूंची वाढ, काही करू नका. काचेवर तपकिरी थर : डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, नव्या टँकमध्ये येतं, पुसा. हिरवंगार पाणी : खिडकीचं ऊन किंवा दहा-बारा तास दिवा. दिवा सहा-सात तासांवर आणा, जमलं तर टायमर लावा, आणि तीन-चार दिवस टँक चादरीने झाकून ठेवा. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या : लोह कमी. जुन्या पानांना बारीक भोकं : बहुधा पोटॅशियम. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडत असतील तर आधी पाणी बदला, कारण नंतर शोधा.

साखर-यीस्टची बाटली लावून कार्बन डायऑक्साइड देण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. साखर कारखान्यांचा पट्टा असला तरी नका करू. तो वायू रात्रीही सुटत राहतो, आणि रात्री झाडांनाही तो नको असतो.

लाईट गेली तर

एअर पंप टँकच्या पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल आणि लाईट गेली, तर बारीक नळीतून पाणी उलट्या दिशेने चढतं, वळतं आणि पंपात, तिथून बोर्डावर टपकतं. पंप वर टांगा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. तो अगदी स्वस्त मिळतो. लाईट लांबली तर खाद्य देऊ नका, मगभर पाणी काढून उंचावरून परत ओता.

डिसेंबर-जानेवारीत बेळगावात पहाटेचा गारठा फायटर (बेटा) माशाला सोसत नाही. हीटर घ्यायचा तर लिटरला एक वॅट धरा, आणि पाणी काढण्याआधी तो बंद करा, नाहीतर हीटरची काच तडकते. हीटरचा खर्च नको असेल तर झेब्रा डॅनिओ घ्या, तो 18 अंशातही मजेत असतो.

शेवाळ खातो म्हणून दुकानदार हमखास गळ्यात मारतो तो सकर मासा बोटभर दिसतो, पुढे फूटभराच्या वर जातो. मोठा झाल्यावर तो तळ्यात किंवा मार्कंडेय नदीत सोडू नका, तिथे तो देशी माशांच्या मुळावर उठतो. छाटलेली झाडंही ओढ्यात नकोत, खतखड्ड्यात टाका. आणि सकर घ्यायचाच असेल तर मोठा झाल्यावर परत घेणार का, हे दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारा.