गाडी तयार, पण गिऱ्हाईक बिल देत नाही

गॅरेजमध्ये गिऱ्हाईकाने बिल बघून आवाज चढवला, तर आधी गाडीची चावी कुठे आहे ते बघा. चावी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये हवी, गाडीत किंवा काउंटरवर नको. ट्रायल द्यायची असेल तर स्टिअरिंगवर आपला मेकॅनिक आणि शेजारच्या सीटवर गिऱ्हाईक. ‘एक चक्कर मारून येतो’ म्हणून गेलेली गाडी परत आली नाही, तर पैशाबरोबर कायद्याने दिलेला हक्कही जातो.

हा हक्क भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० मधला. ज्या वस्तूवर मेहनत किंवा कसब वापरून काम केलं, ती त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ताब्यात ठेवता येते. कायद्यातच उदाहरणं दिली आहेत: हिऱ्याला पैलू पाडणारा जवाहिऱ्या पैसे मिळेपर्यंत हिरा ठेवू शकतो, पण कोट शिवून झाल्याबरोबर देईन आणि पैशाला तीन महिने थांबेन असं कबूल केलेल्या शिंप्याला कोट अडवता येत नाही. गॅरेजलाही हेच लागू. ‘पुढच्या महिन्यात द्या’ म्हणालात की हक्क संपला. शिवाय हक्क याच कामापुरता. दिवाळीतल्या सर्व्हिसिंगची जुनी बाकी आजच्या ब्रेकच्या कामात घालून गाडी अडवता येत नाही. इथे बरेच जण चुकतात आणि उलट ग्राहक आयोगाची नोटीस घेऊन बसतात.

आता प्रत्यक्ष बोलणं. गिऱ्हाईकाला इतर लोकांसमोरून बाजूला घ्या, खुर्ची द्या. चारचौघांत माघार घ्यायला कुणालाच आवडत नाही. मग एकच प्रश्न: “साहेब, यातला नेमका कोणता आकडा पटत नाही?” ‘सगळंच जास्त आहे’ असं उत्तर आलं तर जॉब कार्ड (गाडीवर केलेल्या कामांच्या नोंदीचा कागद) समोर ठेवून ओळीओळीने विचारा. बहुतेकदा वाद एकदोन ओळींवर येऊन थांबतो, आणि तो बहुधा न विचारता टाकलेल्या पार्टचा असतो. एस्टिमेट क्लच प्लेटचं होतं, गिअरबॉक्स उतरवल्यावर रिलीज बेअरिंगही गेलेलं निघालं, कुणी फोन केला नाही आणि बिल फुगलं. अशा वेळी जुनं बेअरिंग गिऱ्हाईकाच्या हातात द्या, बोटाने फिरवून खरखर ऐकू द्या. म्हणूनच काढलेले पार्ट गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावून पैसे मिळेपर्यंत जपायचे. भंगारात गेले की पुरावाही गेला.

मंजुरी घेतलीच नसेल तर ताणू नका. त्या पार्टची खरेदी किंमत घ्या, त्यावरची मजुरी सोडा. पार्टला खिशातून रोख गेलेली असते, मजुरीत तेवढं नुकसान नसतं. मंजुरीचा व्हॉट्सॲप मेसेज असेल तर मात्र एक रुपयाही कमी करायचं कारण नाही.

पेमेंट झाल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तरी आपल्या खात्यात रक्कम दिसेपर्यंत चावी द्यायची नाही. चेक घेतलाच आणि बाउन्स झाला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला त्याला १५ दिवस मिळतात.

शिवीगाळ सुरू झाली तरी अंगाला हात लावायचा नाही, दारात आडवं उभं राहायचं नाही. गाडी ठेवता येते, माणूस अडवता येत नाही. रस्ता अडवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली तक्रार तुमच्यावरच होईल. तोडफोड किंवा धमकी असेल तर ११२ ला फोन. नुसत्या बिलाच्या वादाला पोलीस ‘दिवाणी मामला’ म्हणणार, त्यांच्याकडून वसुलीची अपेक्षा नको.

गाडी सोडून तो निघून गेला तर त्याच दिवशी मेसेज आणि स्पीड पोस्टने पत्र: गाडी नंबर, जॉब कार्ड नंबर, रक्कम, गाडी तयार झाल्याची तारीख. गाडीचे चारही बाजूंनी आणि ओडोमीटरचे फोटो काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, कव्हर घाला. ताब्यातल्या वस्तूची काळजी ही तुमची जबाबदारी आहे. ती वापरायची नाही, बसवलेला पार्ट काढून घ्यायचा नाही, आणि विकायची तर मुळीच नाही. कलम १७० ठेवून घेऊ देतं, विकू देत नाही. पार्किंगचं भाडंही आधी सही घेतली नसेल तर बिलात घुसडू नका.

पैशासाठी दावा लावायला काम झाल्यापासून तीन वर्षं मिळतात. ट्रॅव्हल्स किंवा कंपनीच्या गाड्या उधारीवर करत असाल तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) काम घेण्याआधीच करून ठेवा. मग पैसे देण्याची लेखी कराराने ठरलेली मुदतही ४५ दिवसांपलीकडे जात नाही, आणि थकबाकीसाठी छोट्या उद्योगांच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो.